भत्त्याचे दिवस आणि कामाचे दिवस



कारखाना बंद पडला, पाळी कमी झाली, किंवा नोकरीवरून काही काळ दूर केले, अशी वेळ कोणावरही येऊ शकते. आपल्या खानदेशाला तर ती मुळीच नवी नाही. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची गिरणी यांच्या भोंग्यांवर एके काळी आसपासच्या गावांचा दिवस चाले. एकेक करून ते भोंगे थांबले. आज जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या बाजूला चटईचे, पाइपाचे, डाळीचे, तेलाचे, सुताचे कारखाने आहेत. तेथेही मंदी आली की कामगार घरी बसतो. पण माणूस घरी बसला तरी चूल काही बसून राहत नाही.

मग तो हातपाय हलवतो. कोणी रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला जातो. कोणी कापसाच्या हंगामात जिनिंगवर जातो, कोणी मार्केट यार्डात पोती उचलतो, कोणी मेहुण्याच्या दुकानावर बसतो. यात वाईट काहीच नाही. उलट कौतुकच करावे. परंतु त्याच दिवसांत या माणसाला ‘हा बेकार आहे’ म्हणून कोठून तरी भत्ता मिळत असेल, तर एक प्रश्न उभा राहतो. चार दिवस दुसरीकडे काम केले, चार पैसे हाती आले, तर ते भत्ता देणाऱ्याला सांगावयाचे की नाही?

पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते. “चार दिवसांच्या मजुरीचं काय सांगायचं, भाऊ? कोण विचारतो?” आज आपण याच उत्तराचा विचार करणार आहोत.

प्रथम हा भत्ता कोठून येतो ते पाहू. आपल्याकडे ‘बेकारी भत्ता’ या एकाच नावाने सर्वांना मिळणारी रक्कम नाही. निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या नियमांनी मदत मिळत आली आहे, आणि प्रत्येक नियम कामगाराला एक वेगळा प्रश्न विचारतो. गोंधळ होतो तो येथेच.

गिरणीच्या काळातला ‘ले-ऑफ’ जुन्या कामगारांना आठवत असेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली त्याची कलमे घातली गेली. कामगाराचे नाव हजेरीपटावर आहे, तो ठरल्या वेळी दारात हजर झाला, आणि कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही म्हणून दोन तासांच्या आत त्याला काम देता आले नाही, तर तो दिवस ले-ऑफचा. त्या दिवसाबद्दल मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई. वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराचा हा हक्क होता. बदली कामगाराला तो नव्हता. आता यातली अट पाहा. दिवसातून एकदा नेमल्या वेळी दारात हजर राहणे आवश्यक होते. पहाटेच सावद्याची गाडी पकडून केळी भरायला गेलेला माणूस दारात कोठून असणार? तेव्हा त्या दिवसाची भरपाई त्याला मागता येत नसे. येथे कायदा ‘किती कमावलेस’ असे विचारीत नव्हता. ‘आज तू कामासाठी हजर होतास का’ एवढेच विचारीत होता.

दुसरे उदाहरण कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांचे. त्यांच्या कामगारांसाठी केंद्र सरकारने १९८६ च्या सप्टेंबरपासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू केली. पात्र कामगाराला पहिल्या वर्षी मजुरीच्या पाऊण, दुसऱ्या वर्षी निम्मी आणि तिसऱ्या वर्षी पाव अशी उतरती मदत होती. माणसाने तीन वर्षांत दुसऱ्या धंद्यात पाय रोवावे, ही त्यामागची कल्पना. म्हणून तिचा प्रश्नही त्याला धरून होता. दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यात नोकरी धरली, तर मदत थांबे. पण स्वतःचे दुकान टाकले, शिवणयंत्र घेतले, हातगाडी लावली, तर मदत कापली जात नसे. म्हणजे स्वतःचा धंदा लपवण्याचे काही कारणच नव्हते! ज्याने नियम वाचला नाही त्याने भीतीपोटी विनाकारण लपवाछपवी केली असती. ज्याने वाचला तो उजळ माथ्याने सांगू शकत होता. २०१७ च्या एप्रिलपासून ही योजना स्वतंत्र राहिली नाही. ती राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत मिळवण्यात आली.

तिसरे उदाहरण हल्लीच्या कारखान्यातल्या कामगाराचे. कर्मचारी राज्य विमा, लोक ज्याला ‘ईएसआय’ म्हणतात तो, १९४८ च्या कायद्याने आला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे प्रथम सुरू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा विषय तिच्याखाली आला. या विम्यात १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला आरंभी सरासरी रोजच्या मजुरीच्या पाव हिस्सा मदत होती; २०२० मध्ये ती निम्मी करण्यात आली. ही मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची आणि आयुष्यात एकदाच. किमान दोन वर्षे विम्याखालची नोकरी झालेली असावी आणि वर्गणीचे दिवसही भरलेले असावेत. गैरवर्तनाबद्दल काढून टाकलेल्याला, वयोमानाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला ती नाही. योजना मुदतीची आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढविली गेली आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी विमा कार्यालयात चौकशी करावी. या योजनेचा प्रश्न सरळ आहे: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तू बेकार होतास का?’ दुसरीकडे नोकरी लागली की त्या दिवसापासून मदतीचा हक्क संपतो.

चौथे उदाहरण खास शिक्षकबंधूंसाठी आणि सरकारी नोकरांसाठी. नोकर निलंबित झाला तर चौकशी संपेपर्यंत त्याला निर्वाह भत्ता मिळतो. राज्य शासनाच्या १९८१ च्या नियमांत हा भत्ता घेणाऱ्याकडून एक प्रमाणपत्र मागितले आहे. मी दुसरी नोकरी, धंदा, व्यवसाय किंवा उद्योग करीत नाही, असे ते प्रमाणपत्र. ते दिल्याशिवाय भत्ता निघत नाही. येथे जाळे सर्वांत बारीक आहे. गिरणी कामगाराच्या निधीला त्याचे दुकान चालत होते. निलंबित नोकराच्या प्रमाणपत्राला दुकान चालत नाही, आणि फी घेऊन चालविलेली शिकवणी हाही व्यवसायच.

आणि खेड्यातला मजूर? त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचे काम मोठ्या प्रमाणावर उघडले आणि १९७७ साली तसा कायदा केला, वि. स. पागे यांची ती कल्पना. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यात अशी तरतूद आली, की काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यावा. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. पण मूळ तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो भत्ता काम न मिळाल्याबद्दल होता. कामावर बोलावणे आले आणि माणूस गेला नाही, तर भत्ता थांबे. एकाच दिवशी हजेरीपटावर नाव आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी, हे तर उघडच खोटे.

आता तुम्ही म्हणाल, “हे सगळे नियम झाले. पण गरिबाने चार पैसे जास्त मिळवले तर कोणाचे काय गेले?”

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या गावच्या भिशीत आहे. भिशीत दहा जण पैसे टाकतात, आणि ज्याची वेळ त्याला रक्कम मिळते. विमाही तसाच. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या मजुरीतून शंभरी पाऊण रुपया आणि मालकाकडून सव्वातीन रुपये असा वर्गणीचा दर ठरला. म्हणजे दरमहा १२,००० रुपये मजुरीच्या कामगाराचे ९० रुपये कापले जातात आणि मालक त्यात ३९० घालतो. जो आजारी पडला नाही, ज्याची नोकरी गेली नाही, त्याच्याही ९० रुपयांतून दुसऱ्याच्या अडचणीचे दिवस निघतात. काम असलेल्या दिवसाला बेकारीचा दिवस म्हणून पैसे उचलले, तर ते सरकार नावाच्या कोणा दूरच्या माणसाचे नसतात. शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या सोबत्याचे असतात.

पण हा उपदेश झाला. आता त्या माणसाच्या स्वतःच्या नफ्यातोट्याचा हिशेब करू. कारण माझ्या मते खरी गोष्ट तेथेच आहे.

असे समजा, की धुळ्याच्या एका कारखान्यातला एक कामगार आहे. त्याला आपण नाना म्हणू. नानाचा कारखाना बंद पडला. हिशेब सोपा जावा म्हणून त्याची सरासरी रोजची मजुरी ४०० रुपये धरू. निम्म्याने २०० रुपये रोज. ९० दिवसांचे १८,००० रुपये. नानाने अर्ज केला. या ९० दिवसांत त्याच्या साडूने त्याला जळगावला चटईच्या कारखान्यावर बोलावले. बारा दिवस काम होते, रोख मजुरी होती, कागदावर काही नाही. नाना गेला. अर्जावर मात्र त्याने सर्व दिवस बेकारीचेच लिहिले.

यात नानाने किती मिळवले? बारा दिवसांचा २०० रुपयांप्रमाणे भत्ता, म्हणजे २,४०० रुपये. चटईच्या कारखान्यातली मजुरी त्याच्या घामाची होती. ती सांगितली असती तरी कोणी काढून घेणार नव्हते. हे नीट ध्यानात घ्या. लपवण्याची सारी कमाई काय ती २,४०० रुपये.

आता त्याने पणाला काय लावले ते पाहू. पहिली गोष्ट पैशाची. १९४८ च्या कायद्यात गैररीतीने घेतलेला लाभ परत वसूल करण्याचे कलम होते. मदत मिळावी म्हणून जाणूनबुजून खोटे निवेदन केले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती; आणि शिक्षा झालेल्याला पुढे काही काळ रोख लाभ बंद करण्याचीही तरतूद होती. नव्या संहितेतही खोटे निवेदन हा गुन्हाच आहे. आरंभी या योजनेच्या अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडावे लागे. २०२० मध्ये ती अट काढण्यात आली. त्यावरून काही जणांनी समजूत करून घेतली, की आता काय लिहिले तरी चालते. तसे नाही. अर्जावर सही केली की ते आपले निवेदन झाले.

“पण कळणार कसे?” रोख मजुरी असेल तर कदाचित लगेच कळणार नाही. मात्र नव्या मालकाने नियमाप्रमाणे वर्गणी भरली, तर ती नानाच्या जुन्याच विमा क्रमांकावर दिसते. एका बाजूला बेकारीचा अर्ज आणि दुसऱ्या बाजूला त्याच तारखांची वर्गणी! यासाठी कोणी चुगली करण्याचीही गरज नाही. कागदच बोलतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. असे समजा, की बाराव्या दिवशी चटईच्या कारखान्यात नानाचा हात रोलरमध्ये सापडला. विम्याच्या कायद्यात कामावर झालेल्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली असे पाहत नाहीत. कामावरचा पहिला दिवस असला तरी हक्क असतो. अंग सावरेपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रोख लाभ, कायमचे अपंगत्व आले तर त्या मानाने आयुष्यभर मदत, आणि जीवच गेला तर मागे राहिलेल्यांना मदत. मालकाने वर्गणी चुकवली म्हणून कामगाराचा हा हक्क जात नाही. मात्र त्या दिवशी आपण त्या कारखान्यात कामावर होतो, हे कामगाराला दाखवावे लागते. मालक तर म्हणणार, “हा माणूस माझ्याकडे नव्हताच.” आणि मालकाच्या बाजूने पुरावा कोणाचा? नानाचाच! त्या तारखेला मी बेकार होतो, असे त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिले आहे. २,४०० रुपयांसाठी त्याने आपल्याच हाताविरुद्ध साक्ष लिहून ठेवली.

रोखीने, कागदाशिवाय काम देणारा मालक पुष्कळदा उपकाराच्या भाषेत बोलतो. “तुझा भत्ता चालू राहू दे, मी तुझं नाव लावत नाही.” या उपकारात त्याची सव्वातीन टक्के वर्गणी वाचते आणि अपघाताची जबाबदारीही टळते. कामगाराची लपवाछपवी लहान असते. तिच्या आड मालकाची मोठी लपलेली असते.

येथे खानदेशापुरती एक गोष्ट सांगून ठेवतो. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग हे हंगामी कारखान्यांत मोडते, आणि हंगामी कारखाने या विम्याच्या बाहेर ठेवलेले आहेत. म्हणून केवळ जिनिंगवर काम करणाऱ्याला ही ९० दिवसांची मदत नसते. पण दुसऱ्या कारखान्यातून बेकार झालेला विमाधारक भत्ता घेत असता जिनिंगवर गेला, तर त्याचे ते दिवस कामाचेच दिवस होत.

आजारपणाच्या रोख लाभालाही हेच सूत्र होते. १९४८ च्या कायद्यात कलम ६३ असे होते, की ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवसाचा आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ त्याला नाही. डॉक्टरचे प्रमाणपत्र खिशात आणि माणूस पाइपाच्या गाडीवर, असे दोन्ही एका दिवसात बसत नाही.

आता दुसरी बाजू. सांगणारा माणूस बुडतो का? लोक गप्प बसतात ते बहुधा लबाडीने नसते. चार दिवस सांगितले तर सगळेच बंद होईल, पुन्हा खेटे घालावे लागतील, ही भीती असते. ती भीती सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भत्ता उशिरा येतो, मजुरी आज लागते. कागद इंग्रजीत, साहेब जळगावला, आणि जाण्यायेण्यात एक रोज मोडतो. नियम करणाऱ्यांनीही याचा विचार केला पाहिजे. पण न्यायालयांनी सांगणाऱ्याची बाजू कशी घेतली आहे, तेही ऐकण्यासारखे आहे.

१९८४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका बडतर्फ नोकराचा खटला आला. बडतर्फी चुकीची ठरली, आणि मागील पगाराचा प्रश्न निघाला. मालकाचे म्हणणे असे, की हा मधल्या काळात सासऱ्याच्या कोळशाच्या वखारीवर काम करीत होता, म्हणजे त्याला रोजगार होता. न्यायालयाने ते मानले नाही. पोटापाण्यासाठी सासऱ्याच्या वखारीवर मदत केली, याला लाभदायक नोकरी म्हणावयाचे असेल, तर उद्या भीक मागून जगलेल्यालाही रोजगार होता असे म्हणता येईल, अशा अर्थाचे खडे उत्तर न्यायालयाने दिले. वखारीची हकिगत समोर आली म्हणून त्याचा हक्क बुडाला नाही. न्यायालयाने तिचे वजन केले आणि ती हलकी ठरवली.

दुसरा खटला आपल्या महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा. संस्थेने तिला कामावरून काढले. शाळा न्यायाधिकरणाने ते रद्द करून तिला मागील पूर्ण पगार दिला. उच्च न्यायालयाने पगाराचा भाग काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी तिला तो परत मिळवून दिला, आणि त्या वेळी नियम स्पष्ट केला. मागील पगार मागणाऱ्याने प्रथम स्वतः सांगावे, की मधल्या काळात मला रोजगार नव्हता, किंवा होता पण कमी पगाराचा. तसे त्याने सांगितले की ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. यातले ‘किंवा’ फार महत्त्वाचे आहे. कमी पगाराचे काम केले होते, असे सांगणाऱ्यासाठीही न्यायालयाने दार उघडे ठेवले आहे.

आणि खोटे सांगणाऱ्यासाठी? औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १७-ब हे त्याचे उदाहरण. कामगार खटला जिंकला आणि मालक उच्च न्यायालयात गेला, तर निकाल लागेपर्यंत कामगाराला शेवटचा पूर्ण पगार मिळावा, अशी ही तरतूद होती. त्यासाठी मी कोठेही नोकरीत नाही असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. पण तो दुसरीकडे नोकरीत होता आणि पुरेसा पगार घेत होता असे सिद्ध झाले, तर तेवढ्या काळाचा हा पगार न्यायालय बंद करी. जिंकलेला खटला, आणि तरी हातचा आधार गेला!

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा सोडवतात तेही थोडक्यात पाहू. इंग्लंडने १९११ च्या कायद्याने बेकारीचा विमा सुरू केला. आठवड्याला सात शिलिंग, वर्षाकाठी फार तर १५ आठवडे. कामगाराने आपले विम्याचे पुस्तक सरकारी रोजगार कचेरीत ठेवावयाचे आणि तेथे जाऊन सही करावयाची. कामाच्या वेळेत कचेरीत सहीला उभा असलेला माणूस त्याच वेळी दुसरीकडे कामावर असू शकत नाही, असा त्यात साधा हिशेब होता. अमेरिकेत १९३५ च्या कायद्यानंतर राज्याराज्यांत ही व्यवस्था आली. तेथे मदत घेणाऱ्याला ठराविक मुदतीने सांगावे लागते, की मी किती काम केले आणि किती मजुरी झाली. पैसे हातात कधी आले हे सहसा पाहत नाहीत. काम कोणत्या आठवड्यात केले ते पाहतात. थोडे काम केले म्हणून सगळी मदत जात नाही. ती त्या मानाने कमी होते. न सांगता घेतलेली रक्कम मात्र परत करावी लागते, आणि मुद्दाम लपवले तर वर दंड. जर्मनीत आठवड्याला १५ तासांच्या आतले काम करता येते आणि महिना १६५ युरोपर्यंतच्या कमाईने भत्ता कमी होत नाही. पण ते कळवावे लागते. मुलगा किंवा पुतण्या परदेशी नोकरीला असेल आणि त्याच्यावर अशी वेळ आली, तर त्याला एवढे जरूर सांगा.

त्या देशांत थोड्या कामाचे कोष्टक असते, म्हणून खरे बोलणे सोपे जाते. आपल्या योजना बहुधा ‘काम आहे की नाही’ एवढेच विचारतात. अर्धवेळ काम करणाऱ्याला त्यामुळे कोंडी होते, हे कबूल केले पाहिजे. त्या कोंडीतून निघावयाचा मार्ग कार्यालयाला लेखी विचारणे हा आहे. आपल्या मनाने खाना भरून टाकणे हा नव्हे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

एक साधी वही करा. तारीख, कोठे काम, कोणाकडे, किती तास, किती मजुरी ठरली, किती मिळाली, एवढे रोजच्या रोज लिहा. मजुरी दिवाळीला मिळाली तरी दिवस लिहावयाचा तो कामाचा. घरच्या शेतात राबलात, दुकानावर बसलात, तेही लिहा; ते मोजावयाचे की नाही हे नियम ठरवील.

अर्जातला प्रश्न दोनदा वाचा. तो नोकरीविषयी आहे, धंद्याविषयी आहे की कोणत्याही कमाईविषयी आहे? एका योजनेत चालते ते दुसरीत चालत नाही, हे आपण वर पाहिलेच.

शंका असेल तर साध्या मराठीत अर्ज लिहा: ‘मी या तारखांना अमुक ठिकाणी काम केले. या दिवसांचे आणि उरलेल्या दिवसांचे काय करावे ते कळवावे.’ त्याची पोच घ्या आणि जपून ठेवा. उद्या वाद निघाला तर आपण लपवले नाही, याचा तो कागद हाच पुरावा.

आणि चूक आधीच झाली असेल तर? नोटीस येण्याची वाट पाहू नका. स्वतः जा, तारखा सांगा, जास्त आलेली रक्कम किती होते ते विचारा. एकदम भरणे जमत नसेल तर हप्ते मागा. शिक्षेचे कलम जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनासाठी असते. आपणहून येऊन चूक सांगणारा माणूस आणि पकडलेला माणूस यांना कोणीच एका मापाने मोजत नाही.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावात अर्ज भरावयाचा म्हटला की लोक आजही शाळेची पायरी चढतात. “गुरुजी, एवढं लिहून द्या.” तुम्ही घाईत असता, समोरचा म्हणतो, “लिहा हो, काहीच काम नव्हतं.” तेथे क्षणभर लेखणी थांबवा आणि विचारा, “आप्पा, या तीन महिन्यांत कोठेच गेला नव्हतात? केळीवर? हमालीला?” मग अर्जातली ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि खालच्या सहीचा अर्थ सांगा. नाना त्या दिवशी एखाद्या शिक्षकाकडे गेला असता आणि त्यांनी एवढे विचारले असते, तर अर्जावर बारा दिवस कामाचे लिहिले गेले असते. नानाचे २,४०० रुपये गेले असते. पण रोलरमध्ये सापडलेल्या हाताच्या भरपाईसाठी तो कचेरीत उभा राहिला असता, तेव्हा त्या दिवशी तो कामावर होता हे सांगणारा त्याच्याच सहीचा कागद त्याच्या बाजूने असता.